वेरोनिका : एका नावाची वाट

गेल्या उपवासकाळातील एका शुक्रवारची गोष्ट. आपल्या पिंपरी-चिंचवड परिसरात क्रुसाची वाट सायंकाळी साडेसातच्या आधी सुरू करता येत नाही. चाकण, तळवडे, भोसरीकडून कारखान्यांच्या बसगाड्या परतायच्या असतात आणि कामावरून आलेली माणसे तोंडावर पाणी मारून तशीच चर्चमध्ये येतात. त्या दिवशी मी नेहमीच्या क्रुसाच्या वाटेऐवजी बायबलवर आधारलेली क्रुसाची वाट घेतली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या गुड फ्रायडेला रोमच्या कलोसियममध्ये ती प्रथम चालवली. तिची चौदाही स्थाने शुभवर्तमानातील प्रसंगांवर आधारलेली आहेत. साहजिकच, शुभवर्तमानात ज्यांचा उल्लेख नाही असे प्रसंग तीत नाहीत. सहाव्या स्थानी वेरोनिका नाही. तेथे प्रभूला फटके मारले जातात आणि काट्यांचा मुकुट घातला जातो.

प्रार्थना संपली. लोक पांगले. एक आजी मात्र बाकाला धरून उभ्या राहिल्या. पन्नासेक वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीमुळे वसईहून इकडे आलेल्या या आजींचे नाव वेरोनिका. त्यांनी विचारले, "फादर, आज माझं स्थान कुठं गेलं?"

मी घाईत होतो. म्हणालो, "आजी, वेरोनिका बायबलात नाही. ती मागाहून जोडलेली कथा आहे."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग सत्तर-पंच्याहत्तर वर्षं मला कोणाच्या नावानं हाक मारतात?"

या प्रश्नाचे उत्तर त्या संध्याकाळी मी दिले नाही. खरे सांगायचे तर मजजवळ ते नव्हते. इतकी वर्षे मी प्रवचनांतून 'वेरोनिका म्हणजे खरी प्रतिमा' असा अर्थ बिनदिक्कत सांगत आलो. तोही तपासून पाहिला तेव्हा चुकीचा निघाला. म्हणून हा लेख. एका अर्थी तो आजींना उशिरा दिलेले उत्तर आहे. पण ज्यांच्या घरात आई, आत्या, मावशी किंवा नात या नावाची आहे, त्या सर्वांसाठीही तो आहे.

नाव नसलेली स्त्री

प्रारंभ शुभवर्तमानापासून करू. कालवारीच्या वाटेवर प्रभूचा चेहरा पुसणारी स्त्री चारही शुभवर्तमानांत नाही, हे मी आजींना सांगितले ते खोटे नव्हते. संत लूक एवढेच सांगतो की लोकांचा मोठा समुदाय आणि शोक करणाऱ्या स्त्रिया प्रभूच्या मागून चालल्या होत्या, आणि प्रभूने वळून त्यांना यरुशलेमच्या कन्या म्हणून संबोधले (लूक २३:२७-२८).

परंतु वेरोनिका या नावाचे मूळ त्या वाटेवर नाहीच. ते गालीलात, सरोवराकाठच्या गर्दीत आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री त्या गर्दीत शिरली. वैद्यांपायी तिने होते नव्हते ते खर्चून टाकले होते आणि दुखणे उलट वाढले होते, असे संत मार्क स्पष्टपणे लिहितो (मार्क ५:२५-३४). लेवीय पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायानुसार अशी स्त्री अशुद्ध. ती ज्याला शिवेल तोही अशुद्ध. आपल्या महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. विटाळ या शब्दाने किती जणींना उंबऱ्याबाहेर बसवले हे आपल्या आज्यांना ठाऊक होते, आणि संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात याच विटाळाविषयी आपल्या अभंगातून रोकडा प्रश्न विचारला होता.

ही स्त्री मागून येऊन प्रभूच्या वस्त्राला शिवली आणि बरी झाली. मार्क, मत्तय आणि लूक या तिघांनीही हा प्रसंग नोंदवला. तिचे नाव एकानेही नोंदवले नाही. मात्र प्रभूने तिला 'मुली' अशी हाक मारली. शुभवर्तमानांत प्रभूने एखाद्या स्त्रीला एकवचनात 'मुली' म्हणून संबोधल्याचा हा एकच प्रसंग आहे. नाव नसलेल्या त्या बाईला प्रथम मिळाले ते नाते. नाव मागाहून आले.

मासेदोनियातून आलेला शब्द

ते नाव म्हणजे ग्रीक भाषेतील 'बेरेनिके'. त्याचे मूळ ग्रीक रूप 'फेरेनिके'. 'फेरेइन' म्हणजे वाहून आणणे आणि 'निके' म्हणजे विजय. विजय घेऊन येणारी, ती फेरेनिके. मासेदोनियाच्या बोलीत ग्रीकांच्या 'फ'च्या जागी 'ब' येई. तेथे फिलिप्पोसचा बिलिप्पोस होई, तशी फेरेनिकेची बेरेनिके झाली. पुढे ग्रीक भाषेतच 'ब'चा उच्चार 'व'कडे झुकला आणि लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी ते नाव 'वेरोनिका' असे स्थिरावले. वसईकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या वसईचेच पोर्तुगिजांनी 'बसाईं' आणि इंग्रजांनी 'बसीन' केले. 'ब' आणि 'व' यांचे हे शेजारपण जुनेच आहे.

अलेक्झांडरच्या सेनापतींनी मिसरात राज्य स्थापल्यावर हे मासेदोनी नाव राजघराण्यात रूढ झाले. पहिल्या टॉलेमीची राणी बेरेनिके. तिसऱ्या टॉलेमीची राणीही बेरेनिके; पती युद्धावरून सुखरूप परतावा म्हणून तिने आपले केस देवाला वाहिल्याची कथा आहे. आकाशातील एका तारकासमूहाला पाश्चात्त्य ज्योतिषी 'बेरेनिकेचे केस' म्हणतात. आपल्या मराठी खगोलाच्या पुस्तकांत त्यालाच 'अरुंधती केश' असे सुंदर नाव आहे.

याच नावाचे एक बंदरही होते. दुसऱ्या टॉलेमीने इसवी सनापूर्वी २७५ च्या सुमारास तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर ते वसवले आणि त्याला आपल्या आईचे, बेरेनिकेचे, नाव दिले. वाचकांना नवल वाटेल, पण हे बंदर आपल्याला फार परके नाही. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात बेरेनिके आहे, आणि त्याच पुस्तकात भडोच, सोपारा, कल्याण, पैठण व तेर हीही नावे आहेत. बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय मिरीने भरलेले रांजण आणि सागवानी लाकूड सापडले. २०२२ साली तेथे बुद्धाची एक मूर्ती मिळाली आणि पुढील वर्षी ती जाहीर झाली.

म्हणजे ज्या काळात प्रेषित येशूची सुवार्ता सांगत फिरत होते, त्या काळात बेरेनिके बंदर आणि आपला कोकण किनारा यांच्यामध्ये मोसमी वाऱ्यांवर गलबते ये-जा करीत होती. किनाऱ्यावर उतरलेला माल घाट चढून वर येई. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणच्या पुढे गेले की जुन्नर लागते. तेथील लेण्यांत, तसेच इकडे लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याच्या लेण्यात, 'यवन' दात्यांची नावे कोरलेली आहेत. हे यवन बहुधा ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी बेरेनिके नावाची लेक होती की नाही, हे दगड सांगत नाहीत. पण पोर्तुगीज येण्याच्या दीड हजार वर्षे आधी या नावाचे गाव आपल्या व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या कानांवर होते, असे मानायला हरकत नाही.

दोन बेरेनिके

पवित्र शास्त्रातही ही संज्ञा येते. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हेरोद अग्रिप्पा राजाबरोबर त्याची बहीण बर्णीका मोठ्या थाटाने दरबारात प्रवेश करते. आपल्या मराठी बायबलातील 'बर्णीका' म्हणजे बेरेनिकेच. साखळदंडात असलेला संत पौल त्या दोघांपुढे आपली बाजू मांडतो. बर्णीकेवर अन्याय नको म्हणून हेही सांगितले पाहिजे की इसवी सन ६६ मध्ये रोमन सुभेदार यरुशलेमच्या लोकांची कत्तल करीत असताना हीच राजकन्या अनवाणी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिने दयेची याचना केली, असे योसेफस हा यहुदी इतिहासकार नमूद करतो.

राजघराण्यातले हे नाव त्या गरीब, रक्तस्रावाने पीडलेल्या बाईला कसे मिळाले? याचा पहिला ठळक पुरावा 'पिलाताची कृत्ये' या ग्रंथात सापडतो. हा ग्रंथ बहुधा चौथ्या शतकातला. ख्रिस्तसभेने तो पवित्र शास्त्रात घेतलेला नाही. तो इतिहास म्हणून वाचायचाही नाही. परंतु सुरुवातीच्या शतकांतील भाविक कोणत्या कथा एकमेकांना सांगत होते, हे त्यातून दिसते. पिलातापुढे येशूचा खटला चालू आहे. येशूने बरे केलेले लोक एकेक करून साक्ष द्यायला पुढे येतात. तेव्हा दुरून एक स्त्री ओरडून सांगते की मी रक्तस्रावाने आजारी होते, त्याच्या वस्त्राला शिवले आणि बारा वर्षांचा माझा आजार थांबला. ग्रीक प्रतीत तिचे नाव बेरेनिके आहे आणि लॅटिन प्रतीत वेरोनिका. आरोप करणारे लगेच हरकत घेतात: आमच्या कायद्याप्रमाणे स्त्रीची साक्ष चालत नाही.

वाचकहो, या प्रसंगापाशी क्षणभर थांबावे असे मला वाटते. या नावाची स्त्री ख्रिस्ती परंपरेत प्रथम प्रकट होते ती हाती कापड घेऊन नव्हे. ती साक्षीदार म्हणून पुढे येते, आणि केवळ स्त्री म्हणून तिची साक्ष नाकारली जाते. कथा रचणाऱ्यांना पुनरुत्थानाची सकाळही आठवत असली पाहिजे. तेव्हाही स्त्रियांचे सांगणे प्रेषितांना प्रथम पोकळ बडबड वाटले होते, असे लूकने लिहून ठेवले आहे (लूक २४:११).

चौथ्या शतकाच्या आरंभी कैसरियाचा बिशप युसेबियस यानेही या स्त्रीविषयी लिहिले आहे. फिलिप्पाच्या कैसरियात तिचे घर दाखवीत आणि घरापुढे काशाचा एक पुतळा होता: हात पसरून गुडघे टेकलेली स्त्री आणि तिच्याकडे हात करणारा पुरुष. तो आपण स्वतः पाहिला, असे युसेबियस म्हणतो. ते शिल्प मुळात एखाद्या रोमन सम्राटाचे किंवा ग्रीक आरोग्यदेवतेचे असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. तसे असेल तरी त्या स्त्रीची आठवण लोकांनी त्या पुतळ्यात जपली, ही गोष्ट उरतेच. युसेबियसने मात्र तिचे नाव दिलेले नाही.

कापड आणि 'खरी प्रतिमा'

चेहऱ्याच्या प्रतिमेची कथा यानंतरची. प्रारंभीच्या मध्ययुगातील लॅटिन कथांत वेरोनिका प्रभूची एक प्रतिमा जपून ठेवते आणि ती पाहून रोगी सम्राट तिबेरियस बरा होतो. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने याने संकलित केलेल्या संतचरित्रांत ती चित्रकाराकडे कापड घेऊन निघालेली असताना प्रभू तिला भेटतो व त्या कापडावर आपला चेहरा उमटवून देतो. कालवारीच्या वाटेवर तिने रक्त व घाम पुसला, हे आपल्या ओळखीचे दृश्य साधारण तेराव्या-चौदाव्या शतकापासून रूढ झाले.

दरम्यान रोमच्या संत पीटर महामंदिरात एक पवित्र कापड पूजले जाऊ लागले होते. स्त्रीचे नाव त्या कापडालाच मिळाले आणि लोक त्याला 'वेरोनिका' म्हणू लागले. पोप इनोसंट तिसरे यांनी १२०८ साली ते मिरवणुकीने सांतो स्पिरितो या रुग्णालयाकडे नेण्याची प्रथा सुरू केली. त्या दिवशी गोरगरिबांना आणि रुग्णांना दानधर्म होई. बारा वर्षे वैद्यांच्या दारी झिजलेल्या स्त्रीच्या नावाचे कापड रुग्णालयाच्या दारी जावे, यात मला मोठे औचित्य दिसते.

याच सुमारास नावाची नवी फोड निघाली. बाराव्या शतकाच्या अखेरीस रोमला गेलेला वेल्सचा जेराल्ड हा धर्मपंडित वेरोनिका या शब्दाचा संबंध 'खऱ्या प्रतिमे'शी जोडतो: 'वेरा' म्हणजे खरी आणि 'इकॉन' म्हणजे प्रतिमा. ऐकायला फोड गोड आहे. पण पहिला शब्द लॅटिन, दुसरा ग्रीक, आणि नाव तर कापडाच्या कितीतरी शतके आधीचे. लोकांनी नाव ऐकले, कापड पाहिले आणि दोघांची सांगड घातली. यात हसण्यासारखे काही नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीला आपल्या भाविकांनी 'मोतमाउली' केले. त्यातला 'मोत' हा 'माउंट'चा अपभ्रंश मानला जातो. परक्या शब्दाला आपल्या जिभेवर आणि आपल्या मनात जागा करून देण्याची ही रीत सर्वत्र सारखीच.

पुढे त्या कापडाच्या नकला इतक्या वाढल्या की ज्या वर्षी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण रायतूरला छापले गेले, त्याच १६१६ साली पोप पॉल पाचवे यांनी परवानगीविना नकला करण्यास बंदी घातली. महामंदिरात फ्रांचेस्को मोकी या शिल्पकाराने १६२९ ते १६३९ या काळात घडवलेला वेरोनिकाचा भव्य संगमरवरी पुतळा आजही उभा आहे. वाऱ्याने उडणारे वस्त्र, हाती पसरलेले कापड आणि धावत निघाल्यासारखी ती स्त्री. पोर्तुगिजांबरोबर ही भक्ती आपल्या किनाऱ्यावर आली. गोव्यातील काही गावांत गुड फ्रायडेच्या मिरवणुकीत वेरोनिका झालेली मुलगी शोकगीत गात कापड उलगडून दाखवते, तेव्हा अवघा जमाव स्तब्ध होतो.

ख्रिस्तसभा काय म्हणते?

येथे काही कुटुंबांच्या मनात प्रश्न येईल: मग हे नाव मुलीला ठेवावे की नाही?

ख्रिस्तसभेने या बाबतीत घाई केलेली नाही आणि भोळेपणाही केलेला नाही. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमेओ यांनी आपल्या धर्मप्रांताच्या मिस्सा-ग्रंथातून वेरोनिकाची स्वतंत्र उपासना वगळली, कारण तिला ऐतिहासिक आधार नव्हता. उलट, पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ साली क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने निश्चित झाली तेव्हा सहावे स्थान तिचेच राहू दिले. १९९१ ची बायबलाधारित क्रुसाची वाट ही जुनीला पर्याय म्हणून आली. जुनी रद्द झाली नाही. २००५ च्या गुड फ्रायडेला कार्डिनल रात्झिंगर यांनी, म्हणजे पुढील महिन्यात पोप बेनेडिक्ट सोळावे झालेल्या ईशज्ञानपंडितांनी, लिहिलेल्या चिंतनात सहावे स्थान पुन्हा वेरोनिकाचे होते आणि ग्रीक परंपरेत तिला बेरेनिके म्हणतात हे त्यांनी तेथे आवर्जून सांगितले.

ज्यांना अधिकृतपणे घोषित केलेली संत हवी, त्यांच्यासाठी संत वेरोनिका जुलियानी (१६६०-१७२७) आहेतच. स्नानसंस्कारात त्यांचे नाव उर्सुला होते. १६७७ साली कापुचिन मठात प्रवेश करताना त्यांनी वेरोनिका हे नाव घेतले आणि १८३९ साली त्यांना संतपद मिळाले. शिवाय १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा ८५५ वा नियम एवढेच सांगतो की ख्रिस्ती भावनेला परके असे नाव देऊ नये. संताचेच नाव हवे असा त्याचा आग्रह नाही. म्हणून आपल्या धर्मग्रामात आशा, करुणा, विजया अशा नावांनी स्नानसंस्कार होतात आणि ते योग्यच आहे. गंमत अशी की बेरेनिकेचा अर्थ मराठीत सांगायचा तर विजयाच म्हणावे लागेल! आजी वेरोनिका आणि नात विजया अशी जोडी एखाद्या घरात असेल तर दोघींचे नाव एकच आहे, हे त्यांनी खुशाल समजावे.

आजींना उत्तर

तर आजी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे.

तुमच्या नावाचा अर्थ 'खरी प्रतिमा' नव्हे. तो अर्थ मी तुम्हाला अनेकदा सांगितला. त्याबद्दल क्षमा असावी. तुमचे नाव 'विजय घेऊन येणारी'. ते राण्यांचे होते, एका बंदराचे होते, आणि भाविकांनी ते राण्यांकडून घेऊन एका निनावी, आजारी, अस्पर्श ठरवलेल्या बाईला दिले. तिने कोणते युद्ध जिंकले नव्हते. गर्दीत हात पुढे करण्याचे धैर्य तिने केले आणि आपल्याला काय मिळाले हे चारचौघांत सांगितले, एवढाच तिचा विजय.

कालवारीच्या वाटेवर खरोखर कोणी कापड पुढे केले काय, हे इतिहास सिद्ध करू शकत नाही. परंतु लहानातल्या लहानासाठी जे केले ते आपल्यासाठीच केले, असे प्रभूने सांगून ठेवले आहे, आणि ते तर पवित्र शास्त्रात आहे. या औद्योगिक पट्ट्यात मी रुग्णालयांच्या वॉर्डांतून फिरतो. यंत्रात बोटे गेलेला परप्रांतीय मुलगा, ज्याचे येथे कोणी नाही, त्याच्या कपाळावरचा घाम पुसणारी एखादी नर्स, आया किंवा शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची आई मला दिसते. त्यांची नावे कोणत्याही पुस्तकात येणार नाहीत. सहावे स्थान त्यांच्यासाठी राखून ठेवलेले आहे, असे मला आता वाटते.

येत्या उपवासकाळात आपण दोन्ही क्रुसाच्या वाटा आळीपाळीने करू. जुन्या वाटेच्या दिवशी सहाव्या स्थानाचे वाचन आजींनी करावे, अशी मी त्यांना विनंती केली आहे. चष्मा बदलून मिळाला तर वाचीन, असे त्या म्हणाल्या आहेत.